लिफ्ट पहिल्या मजल्यावर असताना

मंगळवार, ४ मार्च. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं.

या वेळेला माझी खोली नापास झाली. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. विमा कार्यालयात आगीचे दावे तपासताना लोक सांगायचे, "सकाळी कधीतरी झालं बघा", आणि तिथंच त्यांचा दावा लंगडा पडायचा.

झालं ते असं. आमच्या या वृद्धनिवासात आगीची सूचना देणारी यंत्रणा बसवायची आहे. बिनतारी. इमारत जुन्या शाळेची, भिंती दगडी, त्या फोडून तारा न्यायच्या नाहीत असं ठरलं. म्हणून आधी तपासणी – कुठल्या खोलीतून सिग्नल पोचतो, कुठून नाही. त्यासाठी एक बाई आल्या. खाली दारापाशी, जिथं मुख्य यंत्र लागणार, तिथं त्यांनी एक डबी ठेवली. दुसरी डबी काठीच्या टोकाला लावून ती प्रत्येक खोलीत छताला टेकवत फिरल्या. हातात मीटर. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जेमतेम, तांबडा म्हणजे नाही.

माझ्या खोलीत तांबडा.

मॅनेजर मागेच उभा होता. म्हणाला, "आजी, मग तुम्हाला रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत हलवावं लागेल. तिथं वायरिंग आधीपासूनच आहे."

मी म्हटलं, "आजी तुमच्या घरी. इथं मॅडम म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका."

त्याने काहीच म्हणायचं नाही हे निवडलं. कागदावर फुली मारली आणि पुढच्या खोलीत गेला. एवढ्या वर्षांत माझ्या नावापुढे कुणी फुली मारली नव्हती. गणितातसुद्धा नाही.


बुधवार, ५ मार्च

भाचीला फोन केला. ती म्हणते, "मावशी, नवी इमारत छान आहे की! बाथरूमला पकडायला दांड्या आहेत."

दांड्या तूच पकड, म्हटलं.

तिला काय सांगणार. ही खोली मी मागून घेतली. इमारतीत यायचं तर हीच कोपऱ्यातली हवी, नाहीतर नको, असं सांगितलं होतं. दीड वर्ष वाट पाहिली. मी इथंच शिकले, मिशनच्या निवासी शाळेत, तेव्हा ही आजारी मुलींची खोली होती. दोन खिडक्या, एक मैदानाकडे आणि एक प्रार्थनाघराच्या छपराकडे. दाराच्या बाहेरच्या बाजूला अजून लोखंडी कडी आहे, ती सिस्टर बाहेर जाताना लावायच्या नाहीत, नुसती लावल्यासारखं करायच्या. आम्हाला ते माहीत होतं. त्यांनाही ते माहीत होतं.

मैदानावर आता गाड्या लावतात. तरी संध्याकाळी ऊन त्याच कोपऱ्यात शेवटचं जातं, जिथं आमची रांग उभी राहायची. मी रोज बघते. त्यासाठी मला दांड्या लागत नाहीत.


गुरुवार, ६ मार्च

घंटी येऊन बसली होती.

घंटी म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. शाळेची पितळी हातघंटा हिच्या ताब्यात असायची, म्हणून हे नाव. उठायची घंटा, जेवणाची, प्रार्थनेची – सगळ्या हीच वाजवायची, आणि कुणी हात लावला तर चावायची. एकदा आम्हाला गोवर आला तेव्हा घंटेच्या लोलकाला मोजा गुंडाळून ती या खोलीत उशाखाली घेऊन झोपली होती. आपल्या माघारी दुसरी कुणी वाजवेल म्हणून! शाळा दोन दिवस टाळ्यांवर चालली.

आता ती लिफ्टशेजारच्या खोलीत राहते. कानातलं यंत्र काढलं की डोक्याशी तोफ डागली तरी पत्ता लागायचा नाही. तिच्यासाठी मीटरवाल्या बाईंनी खास सोय सांगितली आहे. उशीखाली एक चकती ठेवायची. आगीची सूचना झाली की चकती थरथरते.

"म्हणजे आग लागली की मला गुदगुल्या होणार," घंटी म्हणाली.

तिची खोली पास. हिरवा दिवा. मला जरा रागच आला.

"तुझं काय जातंय," मी म्हटलं, "मला रस्त्यापलीकडे टाकतायत."

"मग माझ्या खोलीत ये."

"तुझ्याबरोबर? तू अकराव्या वर्षी घोरायचीस, आता काय करत असशील! शाळा सोडली तेव्हाच ठरवलंय, पुन्हा म्हणून तुझ्याशेजारी झोपायचं नाही."

"मला कुठं ऐकू येतं मी घोरते ते," ती म्हणाली आणि माझी बिस्किटं संपवून गेली.

शिवाय नियम आहे. एका खोलीत एकच. तो मला पसंत आहे. आयुष्यभर बहिणींत, मग सासरी, मग निवृत्तीनंतर मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला – पहिल्यांदाच माझं स्वतःचं दार मिळालं आहे.


शनिवार, ८ मार्च

सापडलं. सकाळी दात घासताना सापडलं.

मंगळवार हा चादरी बदलायचा दिवस. त्या दिवशी चादरींचे स्टीलचे उंच गाडे माझ्याच दारासमोर ओळीने उभे करतात, कारण कोपऱ्यात जागा आहे. तपासणीच्या वेळी पाच गाडे तिथं होते. माझी वाट अडवून होते, मी त्यांना शिव्या घालत आत आले होते! मग सिग्नलने काय त्यांच्यातून उडी मारून जायचं?

दाव्यात पहिला प्रश्न हाच असतो. घटनेच्या वेळी दार उघडं होतं की बंद? पंखा चालू होता का? कपाट कुठं होतं? आग रिकाम्या नकाशात लागत नाही, भरल्या घरात लागते.

ऑफिसात जाऊन मॅनेजरला सांगितलं. तपासणी परत करा. आणि इमारत रात्री जशी असते तशी ठेवून करा. गाडे कोठीत. सगळ्यांची दारं बंद. लिफ्टसुद्धा रात्री असते तिथंच.

"एवढं कशाला, मॅडम?"

मॅडम म्हणाला. प्रगती आहे.

"कारण माणसं रात्री झोपतात," मी म्हटलं, "आणि आगीला ते माहीत असतं."

त्याने मीटरवाल्या बाईंना फोनवर विचारलं, तर त्या लगेच म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मी गाडे हलवायला सांगायला हवं होतं." निदान एक जण तरी कबूल करणारं निघालं. गुरुवारी येणार आहेत.


सोमवार, १० मार्च

आज खूप बरं वाटतंय. खिडकी पुसली.

पुसताना आठवलं, शाळेत आगीची कवायत व्हायची. मोठ्या सिस्टर, म्हणजे मदर, मैदानात घड्याळ घेऊन उभ्या. घंटी जिन्याखाली उभी राहून घंटा बडवायची, आणि सगळ्या मुलींनी न पळता, न बोलता खाली यायचं. मी एकदा आलेच नाही. झोपले होते. मला तेव्हा कसल्याच घंटेने जाग यायची नाही. रोज सकाळीसुद्धा घंटी सगळ्या शयनगृहाला उठवायची आणि मग परत येऊन माझी वेणी ओढायची, तेव्हा मी उठायची.

त्या दिवशी रांगेत मी नाही हे तिला दिसलं. घंटा टाकून ती वर पळाली, वेणी धरून मला खाली आणलं. मदर भयंकर चिडल्या. घंटा सोडून जायची नसते! "खरी आग असती तर दोघी गेल्या असत्या," म्हणाल्या.

घंटी म्हणाली, "मग दोघी गेलो असतो."

तिच्याकडून आठवडाभर घंटा काढून घेतली. ती रडली नाही. मी रडले.

आता मांजर गेलं तरी मला जाग येते. म्हातारपणाने एक हे बरं केलं.


गुरुवार, १३ मार्च

पास! हिरवा. दोन्ही खिडक्यांपाशी, दाराशी, पलंगावर, सगळीकडे हिरवा. मीटरवाल्या बाई हसल्या, म्हणाल्या, "तुमचीच खोली सगळ्यात चांगली आहे, मॅडम." मी मॅनेजरकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे एकदा बघितलं.

मग लिफ्टशेजारची खोली.

तांबडा.

रात्रीची नर्स पहिल्या मजल्यावर बसते, म्हणून रात्री लिफ्ट तिथं उभी असते. मी सांगितलं तशीच ठेवली होती. चार तारखेच्या तपासणीत ती वर होती, चादरी चढवत होते. लिफ्टचा लोखंडी डबा आणि दुसऱ्या बाजूला शाळेच्या जुन्या तिजोरीची पत्रा लावलेली भिंत, यांच्या मधोमध, त्याच मजल्यावर घंटीची खोली. बाईंनी मार्गात सिग्नल पुढे ढकलणारी आणखी एक डबी लावून पाहिली. लिफ्ट दुसरीकडे पाठवली की हिरवा, पहिल्या मजल्यावर आली की तांबडा.

मी म्हटलं, "मग रात्री लिफ्ट तळाला ठेवा."

"ठेवता येईल," बाई म्हणाल्या. "पण कुणी एक दिवस विसरलं तर? लिफ्ट कुठंही असो, दिवा हिरवाच हवा. त्यात यांना ऐकू येत नाही. सगळी मदार त्या उशीखालच्या चकतीवर."

मी त्यांच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं.

घंटी दारात उभी होती. यंत्र कानात होतं, पण आमची तोंडं बघून तिला बहुतेक त्याची गरज पडली नाही.

जुन्या इमारतीत दुसरी खोली रिकामी नाही. घंटीला वीस तारखेला रस्त्यापलीकडे हलवणार. तिच्या खोलीची कोठी करणार. चादरींचे गाडे तिथं राहतील.


शुक्रवार, १४ मार्च

घंटी सामान बांधते आहे. मदतीला गेले तर म्हणाली, "तू घडी घालू नकोस, तुला कधी घालता आली नाही."

"तू रागावली आहेस."

"तुझ्यावर? अगं, तू बोलली नसतीस तर मी त्या चकतीवर डोकं ठेवून झोपले असते आणि चकतीही झोपली असती." मग हसून म्हणाली, "तिथं दांड्या आहेत म्हणे बाथरूमला."

"रस्ता ओलांडता येतो का तुला?"

"तू ये."

मी कसली जाते. गुडघ्यांचं काय ते आम्हा दोघींनाही माहीत आहे. गेल्या वर्षी बहिणीच्या सुनेला येते म्हणून सांगितलं होतं, तेही जमलं नाही. रस्ता चार गाड्यांच्या रुंदीचा आणि मध्ये दुभाजक.

माझ्या खोलीत येऊन बसले. छान खोली आहे. सगळ्यात चांगला सिग्नल. संध्याकाळचं ऊन कोपऱ्यातून गेलं. बघितलं नाही.


शनिवार, १५ मार्च

मॅनेजरला विचारलं, एका खोलीत एकच हा नियम कुणी केला?

"नियम आहे, मॅडम."

"ते मला कळलं. कुणी केला?"

"खोल्या लहान आहेत."

किती लहान, ते त्याला माहीत नाही. त्याने माझी खोली फक्त पलंग, टेबल आणि मी अशी बघितली आहे.

गोवराच्या वेळी त्या खोलीत चार खाटा होत्या. खिडकीशी एक लहान मुलगी, रात्रभर आई म्हणायची. मग एक रिकामी, तिच्यावर सिस्टर पाठ टेकायच्या. मग मी. मग घंटी, दाराशी, उशाखाली मोजा घातलेली घंटा. चारही खाटांच्या मधून सिस्टर दिवा घेऊन फिरायच्या आणि त्यांचा झगा कुठंही अडकायचा नाही.

घंटी तेव्हाही घोरत होती. तिचं घोरणं थांबलं की मी ताप वाढला की काय म्हणून उठून बघायची. गोवराच्या त्या दिवसांत मला रात्री जाग यायची, हे मी आत्ता लिहिताना आठवलं.


रविवार, १६ मार्च

उद्या सकाळी ऑफिसात द्यायचा मजकूर. आधी इथं लिहून बघते.

कोपऱ्यातल्या खोलीत दुसरा पलंग लावावा, दाराच्या बाजूला. उशीखालची चकती त्याच पलंगावर बसवावी, तिथं दिवा हिरवा आहे, मीटरवाल्या बाईंना विचारा. चकती चुकली तर मी आहे. मला जाग येते. वेणी आता दोघींनाही नाही, खांदा धरून उठवीन. खोली लहान आहे असं उत्तर चालणार नाही, तिथं चार खाटा मावत होत्या आणि तिसरीवर मी होते. घोरण्याबद्दल माझी तक्रार नाही, तशी लेखी हमी सोबत जोडते आहे. नियम आड येत असेल तर तो कुणी, कधी आणि कुठली खोली बघून केला, हे मंगळवार, १८ मार्च, दुपारी बारा वाजेपर्यंत मला लेखी कळवावं. तोंडी उत्तर घेतलं जाणार नाही.