वसीयतनाम्याखालचा अंगठा वंशावळीत घेणेबाबत

दिनांक : ११ जानेवारी २०२५

प्रति,
मा. सचिव श्री. जहूर नाखवा,
वंशावळ समिती, सागरतीर कोकणी बिरादरी, शारजा.

विषय : माझी नानी मरहूम जुलेखा हिची ‘आश्रित’ ही नोंद रद्द करून ‘मुलगी’ अशी करणेबाबत.

संदर्भ : १) मरहूम अजीज नाखवा यांचा सन १९३८ चा वसीयतनामा (मृत्युपत्र).
२) आपले व्हॉट्सॲपवरील उत्तर : “भाभी, खलास. फाईल प्रिंटला गेली.”

महोदय,

१. उपरोक्त वसीयतनाम्यावरून समितीने नाखवा घराण्याची वंशावळ तयार केली. त्यात आंब्याची बाग शौकतच्या नावे केलेली आहे, म्हणून शौकत, म्हणजे आपले आजोबा, अजीज यांचा मुलगा ठरले. जुलेखाला काहीच दिलेले नाही, खाली नुसता तिचा अंगठा आहे, म्हणून ती घरात ठेवलेली कुणी बाई, असा शोध आपण लावला. त्यासाठी तीन बैठका झाल्या व तिन्हींत बिर्याणी होती, असे इतिवृत्तावरून दिसते.

२. आपल्यात वारसाच्या नावे वसीयत होत नाही. वारसाचा हिस्सा शरियतनेच ठरलेला असतो. वसीयत करावी लागते ती वारस नसलेल्यासाठी, तीही मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शापुरतीच; त्याहून जास्त द्यायचे तर मयतानंतर वारसाची राजी लागते. हे मय्यतीच्या घरी बसलेला कुणीही सांगेल. समितीत दोन इंजिनिअर, एक एमबीए आणि आपण आहात, त्यामुळे विचारायचे राहून गेले असावे.

३. अंगठ्याच्या वर लिहिलेला मोडी मजकूर आपण वाचून घेतला नाही. मी घेतला. अजीज यांच्या चाळिसाव्याला, म्हणजे मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, लिहिलेला आहे : “बाग तिसऱ्या हिश्शाहून जास्त होते. तरी मी मयताची एकुलती मुलगी जुलेखा, वारस म्हणून राजी आहे. शौकत पोरका आहे, बाग त्यालाच राहो.” ज्या बागेच्या पेट्या आपण दर मे महिन्यात बिरादरीत मिरवत वाटता, ती बाग आपल्याला या अंगठ्याने मिळाली.

४. गेल्या मेळाव्यात आपण माझी अम्मी झुबेदा, वय ८१, जुलेखाची मुलगी, हिला “आंटी प्लीज, ये लाईन फॅमिली के लिए है” म्हणून दोनशे माणसांदेखत उठवून मागे बसवले. अल कुसैसला घरी आल्यापासून ती स्वतःच्या आईचे नावही घेत नाही. पुस्तक असेच छापले तर तिची आई कायमची मोलकरीण ठरेल. मला आपला राग येत नाही. किळस येते.

५. सबब, छपाई तात्काळ थांबवून जुलेखाची नोंद ‘मुलगी’ अशी करावी. शौकत यांचे नाव मुलांतून काढावे, अशीही मागणी या अर्जात होती. अम्मीने वाचून घेतले आणि ती खोडायला लावली. म्हणाली, “त्याला घरात माझ्या आईने ठेवलाय. काढणारी मी कोण?” म्हणून ती मागणी मागे घेत आहे.

आपल्याला झेपेल तितकीच नम्र,
(सही)
अफशा वासिफ मुकादम
अल कुसैस, दुबई

सोबत : मोडी मजकुराचे देवनागरी लिप्यंतर, मोठ्या अक्षरांत.