शंभरपैकी शंभर

४ ऑगस्ट
पुन्हा तेच! अण्णांनी वर खाटेवरून सातदा बिनतारी बटण दाबलं, इथे मागच्या शेडमध्ये माझ्याजवळचा बझर दोनदाच वाजला. वर गेले तर म्हणाले, "एवढी शिकलीस, बापाचा एक निरोप धड पोचवता येत नाही!" जन्मभर हेच. हृदय अर्धं निकामी, अंथरुणातून उठवत नाही, जीभ मात्र ठणठणीत.

७ ऑगस्ट
सापडलं! बटणातल्या रेडिओच्या चिपला निरोप पाठवताना वीज कमी पडत होती. तिच्या तारेच्या तोंडाशीच वीज साठवणारा एक कपॅसिटर डकवला. चॅनल वाय-फायच्या गर्दीपासून लांब नेला. आता निरोप मिळाला की इकडची चिप आपसूक पोच देते. पोच नाही आली तर तिकडची पुन्हा पाठवते, पंधरा वेळा. आली की अण्णांच्या बटणावर हिरवा दिवा.

शंभर निरोप पाठवले, शंभर पोचले. अण्णांना सांगितलं, "दिवा लागला की मला कळलं म्हणून समजा." शाबासकी? छे! "बघू किती दिवस टिकतं."

९ ऑगस्ट
टिकतंय — आणि माझाच जीव खातंय. उशी सरकली, दाब. पंखा वाढव, दाब. चष्मा सापडेना, दाब — नाकावरच होता! आज बासष्ट वेळा जिना चढले. शनिवारी गिऱ्हाइकाला तीस सर्किट बोर्ड द्यायचे आहेत, झालेत नऊ. म्हाताऱ्याने डोक्याचं पार भुसकट केलं.

१० ऑगस्ट
बझरची वायर उपटली. पोच चिप देते, बझर नाही, त्यामुळे दिवा लागतोच! जेवण घेऊन गेले तर तक्रार शून्य. म्हणजे मी यायची गरजच नव्हती, दिवा पुरत होता. एकटीच हसत सुटले. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

१२ ऑगस्ट
बावीस बोर्ड. शांतता म्हणजे काय सुख असतं!

१३ ऑगस्ट
अण्णा गेले. दुपारी मी ताट घेऊन वर गेले तेव्हा त्यांचा हात गार पडला होता. बोट बटणावरच.

१६ ऑगस्ट
शेडमधल्या रिसीव्हरने ठेवलेली निरोपांची नोंद वाचली. त्या दिवशी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांपासून अकरा एकतीसपर्यंत त्रेचाळीस निरोप. गहाळ एकही नाही.

डॉक्टर म्हणाले होते, "वेळेत कळलं असतं तर..." मी म्हटलं, "कळलंच नाही हो." तेव्हा खोटं नव्हतं. आज नोंद पुसली, दादा परगावाहून यायच्या आत वायर परत जोडली. सोल्डरचा टाका सुबक बसला.

१९ ऑगस्ट
शेजारच्या काकू येऊन रडल्या. "त्या दिवशी मी पेपर परत द्यायला आले होते गं. अण्णा घामाने निथळत होते. मी तुला बोलवायला उठले तर त्यांनी हात धरून बसवलं, हिरवा दिवा दाखवला. मग मी पण गेले घरी. म्हणाले, 'कळलंय तिला. माझी पोर आहे, येतेच आहे.'"