फुली मारलेला पाय

ता. ४ फेब्रुवारी

चि. कानसबाईस,
दादाचे प्रभूमध्ये अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तू माझ्या उजव्या पायाचं प्लॅस्टरचं माप घेऊन गेलीस त्याला तीन महिने होत आले. गुडघ्याखाली जेवढा उरलाय त्याची काळजी मी घेतोय. बाकीचा तुझ्या कृत्रिम पायांच्या कारखान्यात अडकलाय. लहानपणी तू माझ्या पेन्सिलीला टोक काढायला बसायचीस आणि टोक मनासारखं होईपर्यंत हातात थोटूक उरायचं. तेव्हापासून तू कानसबाई. तुझी वहिनी ते आठवून अजून हसते. मला हल्ली तितकं हसू येत नाही.

भट्टीवर रोज जातो. मालकांनी स्टुलावर बसवून पावाचे गोळे वळायला दिलेत. पण माझं खरं काम भट्टीच्या तोंडाशी. लांब दांड्याच्या फळीने पाव आत सारायचे आणि बाहेर ओढायचे, ते बसून जमत नाही. मालक काल म्हणाले की मार्चअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो, मग दुसरा माणूस बघावा लागेल. त्यांचंही बरोबर आहे. पण बावीस वर्षं मी तिथेच उभा राहिलोय, मला दुसरं काही येत नाही.

तर पाय कधी देतेस ते कळव. जेवणखाण वेळेवर कर. लोभ मापून पाठवत नाही, हवा तेवढा घे.

तुझा,
दादा

ता. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र पोचलं. आतापर्यंत चार पाय केले. पहिल्याच्या खोबणीत, जिथे तुझा उरलेला पाय बसतो तिथे, माझ्या बोटाला जरासा उंचवटा लागला, म्हणून त्यावर खडूने फुली मारून फळीवर ठेवला. दुसऱ्याचं पाऊल किंचित बाहेर वळलं. तिसऱ्या-चौथ्यातला दोष मास्तरांना दिसला नाही, मला दिसला. मास्तर म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने कारागीर. ते डिसेंबरपासून म्हणताहेत की अति तिथं माती, पाय काही वाट बघत बसत नाही. वय झालं की माणसं काहीबाही बोलतात.

तुला एक सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका शिंप्याला मी घाईत पाय दिला. कड लागून जखम झाली, ती चिघळली आणि तो सहा आठवडे अंथरुणात पडून राहिला. त्याने तक्रार केली नाही. दुधाने तोंड पोळलंय, आता मी ताकही फुंकून पिते. रोज काम सुरू करण्याआधी देवाकडे मागते की दादाचा पाय बिनचूक होऊ दे. पाचवा हातात घेतलाय.

खात्रीसाठी गुडघ्याखाली चार बोटांवरचा घेर वहिनीकडून मोजून पाठव. रागावला असलास तरी लोभात कपात करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. २० फेब्रुवारी

चि. कानसबाईस,
अ. उ. आ.

तुझ्या वहिनीने शिवणाच्या फितीने घेर मोजला. एकतीस सेंटीमीटर भरला. तू नोव्हेंबरात चौतीस लिहून नेला होतास. तू फितीवर संशय घेणार, म्हणून तिने तीनदा मोजला. एकतीसच.

आता एक बोलतो. राग मानू नकोस, तो मलाच आलेला आहे. तू देवाकडे बिनचूक पाय मागतेस. तसा एक त्याने मला जन्मताच दिला होता, तो ट्रकखाली गेला. दुसरं काहीतरी माग. शहाणपण माग. ते मागणाऱ्याच्या मागच्या चुका तो उगाळत बसत नाही, असं आपले पाळकसाहेब वरचेवर सांगतात आणि मी तेव्हा भट्टीचा विचार करत असतो. गेल्या रविवारी मात्र कान देऊन ऐकलं, कारण विचार करायला भट्टी उरेल की नाही याची भीती वाटत होती.

वहिनी म्हणते की हे वाचून तू रडशील, म्हणून मऊ लिहावं. जमलं नाही. लोभ मात्र मऊच आहे.

तुझा,
दादा

ता. २७ फेब्रुवारी

ती. दादास,
सलाम, वि. वि.

रडले नाही. घेराचा आकडा वाचला आणि पाचवा पाय खाली ठेवला.

पाय कापल्यावर पहिल्या वर्षात उरलेला भाग रोडावत जातो. म्हणून पहिला पाय लवकर द्यायचा, सैल पडला की आत लोकरी मोजे चढवायचे आणि वर्षाने दुसरा करायचा. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नोव्हेंबरातल्या तुझ्या पायासाठी मी साडेचार पाय केले आणि तो पाय आता तुझ्याकडेही नाही. मास्तर तेच सांगत होते. त्यांची माफी मागितली. ते हसले आणि चहा प्यायला गेले.

तू म्हणालास तसं मागितलं. गुडघे टेकल्यावर एवढंच म्हणता आलं की मला कळत नाही, तू सांग. आवाज वगैरे काही आला नाही. उठले तेव्हा समोर मोज्यांचं कपाट होतं, रोज असतं तसं. जखम झाली तर ती माझ्या हातची नसावी, एवढ्या भीतीपायी मी तुला तीन महिने स्टुलावर बसवलं. दादा, मला माफ कर.

शनिवारी सकाळच्या बसने येते. पहिलाच पाय आणते, फुलीवाला. तो उंचवटा घासायला दहा मिनिटं लागली. सोबत नऊ मोजे. चार दिवस राहून तुला चालवते. कानस आणत नाही. भेटीत लोभ असावा.

तुझी,
धाकटी

ता. २६ मार्च

चि. कानसबाईस,
अ. उ. आ.

तू गेल्यावर चार दिवसांनी भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलो. चालताना पाय टक् वाजतो. मालक म्हणाले की बरं झालं, आता हा कुठे आहे ते बघावं लागत नाही. सवय मोडली होती, त्यामुळे पहिले बारा पाव करपले. ते आम्ही घरी खाल्ले. दुसरा माणूस बघायचं मालकांनी सोडून दिलंय. फुली पुसायला वहिनी रोज ओलं फडकं घेऊन येते, मी पुसू देत नाही.

आता तू ज्याला घाबरतेस ते. जखम झाली. उभा राहिल्यापासून तिसऱ्या दिवशी, आतल्या बाजूला, नखाएवढी. तू सांगून गेली होतीस तसं केलं. पाय काढून ठेवला, सहा दिवस स्टुलावर बसलो, मग एक मोजा वाढवला. आज कातडी कोरडी आहे. जखम तुझ्याच हातची होती, त्यात शंका नाही.

हे पत्र भट्टीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहितोय. उभ्याने. लोभ आहे, जखमेसकट.

तुझा,
दादा