न्यायला कोणी गेलं नाही

माय, परवा आखाजी आहे, शाळेच्या कॅलेंडरातली अक्षय तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण, आणि आमच्या घरात दोन दिवसांपासून कोणी कोणाशी धड बोललेलं नाही. तुला लिहायला खरं तर अहिराणीतच सुरुवात केली होती, पण कागद समोर आला की माझा हात शाळेच्या मराठीवर जातो. दिवसभर पोरांना तेच शिकवते ना. तुला दोन्ही वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुझ्या लेखी काही फरक नाही. माझं लग्न तू पाहिलंस, संसार पाहायला मात्र थांबली नाहीस. म्हणून आधी तो सांगते.

दोघं कमावतो आम्ही. हे पंप-मोटारींच्या दुकानात आहेत, मी खासगी शाळेत. तरी महिन्याची वीस तारीख उलटली की घरात खडखडाट. टीव्हीचा हप्ता, फ्रिजचा हप्ता, यांच्या फोनचा हप्ता, कोणाच्या लग्नातला आहेर, कोणाच्या पोराचा वाढदिवस. फोन समोर धरला की पैसे जातात, हाताला जाणवतसुद्धा नाहीत. मागच्या दिवाळीनंतर एकदा सिलिंडरवाला दारात आला. मला वाटलं यांच्याकडे असतील, यांना वाटलं माझ्याकडे. दोघांनी फोन काढून पाहिले आणि एकमेकांकडे पाहिलं. त्याने भरलेला सिलिंडर परत गाडीवर चढवला. समोरची बाई ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसली होती, तिने बिचारीने मान खाली घातली. ती हसली असती तर बरं झालं असतं, इतकी मला लाज वाटली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं पहिल्यांदा पैशाविषयी न भांडता बोललो. भाजी-दूध सोडून कुठलाही खर्च एकमेकांना विचारल्याशिवाय करायचा नाही, नवा हप्ता नाही, आहेर सगळ्यांना सारखा आणि साधा. यांनी टपरीवरचा चहा सोडला, पान सोडलं. पान सोडल्यावर आठ दिवस तोंड असं करून बसायचे की घरात सुतकच पडलंय. मी दर रविवारची पावभाजी बंद केली, दुकानात साडी लावून बघणंही बंद केलं. आणि माय, जमलं गं! एकेक हप्ता संपत गेला. एका महिनाअखेरीला पैसे उरले, तेव्हा आम्ही ते उगाच दोनदा पाहिले आणि हसत बसलो. लग्नानंतर इतकी हलकी मी कधीच झाले नव्हते.

मग आखाजी जवळ आली. माझी नणंद उधन्याला असते, सुरतेकडे. दरवर्षी हे दुकानातून दोन दिवस सुट्टी काढून गाडीने तिला आणायला जातात, तिच्यासाठी साडी, पोरांना कपडे, जाताना सांजोऱ्यांचा डबा. यंदा यांनी साडीचा विषय काढला तेव्हा मी म्हटलं, "ठरलंय ना आपलं? मग एकाला एक आणि दुसऱ्याला एक कशाला?" हे फोन घेऊन अंगणात गेले. न्यायला येणं होणार नाही, पोरांना घेऊन तूच ये, हे सांगतानाचा आवाज आतपर्यंत येत होता. "बाई, यंदा मन्हाकडथून लेवाले येनं व्हवाव नही. साडीनं बी ऱ्हाऊ दे. पोरेसले लई तूच ये." तिकडून ती काय म्हणाली ते यांनी आत येऊन सांगितलं. "आम्हले बी यंदा जमाव नव्हतं भाऊ, पोरेसना क्लास शेतस."

आखाजीच्या सुट्टीत कसले क्लास, माय?

तेव्हापासून तुझी ती आखाजी डोळ्यांसमोरून हलत नाही. मी पाचवीत असेन. मामा पुरुषोत्तमनगरला राहायचा, आखाजीच्या दोन दिवस आधी शहाद्याच्या एसटीने तुला न्यायला यायचा. त्या वर्षी कोणाच्या तरी हाती नुसता निरोप आला, की यंदा तूच ये. न्यायला माणूस आल्याशिवाय लेकीने जायचं नाही, तरी तू पिशवी भरून दाराआड ठेवली होतीस, त्यात माझा नवा फ्रॉक वर होता. एसटी फाट्यावर थांबल्याचा आवाज आला की तू हातातलं काम टाकून ओट्यावर येतेस, पदर सारखा करतेस, आणि उतरलेली माणसं आपापल्या घरी गेली की पुन्हा आत. शेवटची गाडी गेल्यावर तू पिशवीतून एकेक कपडा काढून खुंटीला लावलास. दुसऱ्या दिवशी चुलीवर खापर पालथं घातलंस आणि दोन्ही हातांवर पुरणपोळी फिरवत मोठी करत राहिलीस, कोपरापर्यंत येईल एवढी. मी विचारलं, मामा का नाही आला? तू पोळी खापरावर टाकत म्हणालीस, "यंदा त्याले जमनं नही व्हई."

मी तेव्हा तापले होते. मामीच कंजूष आहे, तिनेच अडवलं असणार, असं काहीबाही बोलले. तू पिठाच्या हातानेच माझ्या पाठीत धपाटा घातलास. "मामीले नावं ठेवू नको. आधी घर चालाडी देख, मंग बोल." फ्रॉकवर तुझी पाच बोटं उमटली. तुझा खूप राग आला होता मला. ज्या बाईने तुझी आखाजी बुडवली तिचीच बाजू तू घेत होतीस.

आता घर चालवून पाहते आहे. काल यांनी कुंभाराकडून घागर आणली, वर ठेवायला खरबूज, आपलं डांगर, आणलं, यांच्या गेलेल्या आईवडिलांच्या नावाने भरायला. दोन्ही आणण्याआधी मला विचारलं. माय, आईबापाच्या घागरीसाठीही यांनी मला विचारलं! मी म्हटलं, विचारताय काय, आणा की. पण मला कसंतरीच झालं. आज सकाळी सुरतेकडच्या गाडीचा भोंगा वाजला तसे हे दाढी करता करता थांबले. मी धीर करून म्हटलं, "अजून वेळ आहे, जाऊन या ना." आरशातूनच म्हणाले, "ठरनं ते ठरनं. आते मांगे सरानं नही." रागावून म्हणाले असते तर भांडता आलं असतं. पण हे अगदी सरळ म्हणाले, माझीच शिकवण मला परत द्यावी तसे. आणि खरं सांगू, मी पुन्हा आग्रह केला नाही. एकदा सूट दिली की दिवाळीत दुसरी, मग कोणाच्या लग्नात तिसरी, आणि पुन्हा तो सिलिंडर गाडीवर चढताना दिसेल, याची मला भीती वाटते. माहेरपणाची सूट चालेल आणि टीव्हीची नाही, हे दोघांना कळतं, पण नियम आधी कोणी मोडायचा?

आमची पोरगी विचारत होती, आत्या का नाही येणार? मी म्हटलं, यंदा तिला जमणार नाही. बोलून गेले आणि जीभ चावली.

डाळ भिजत घातली आहे. खापर धुऊन उन्हात ठेवलं आहे. नणंदेला फोन मी करायला हवा, यांनी नव्हे, एवढं मला कळतं. दोनदा फोन हातात घेतला. काय म्हणू? ये म्हटलं तर ती म्हणेल, क्लास आहेत वहिनी, आणि ते खोटं आहे हे दोघींनाही माहीत असेल.

हे पत्र कुठे जायचं नाही. पण एक गोष्ट यांना सांगितली नाही, ती तुला सांगते. मला भाऊ नाही. तू गेल्यापासून आखाजीला मला न्यायला कोणी येत नाही, आणि दरवर्षी नणंद नवी साडी नेसून झोक्यावर बसली की मी चुलीपाशी धुराचं निमित्त करून डोळे पुसते. त्या दिवशी हे अंगणातून आत आले आणि ती येणार नाही म्हणाले, तेव्हा मी तोंडाने "अरेरे" म्हटलं. पण आधी, माय, मला बरं वाटलं होतं.