बरणीवरचा अंगठा

भांडुप

रत्नप्रभावन्सं,

सासूबाईंची लोणच्याची बरणी माझ्या हातून पडली होती, ह्यांच्या नाही. "आईची एक बरणी सांभाळता आली नाही रे तुला?" म्हणालात आणि हे जाईपर्यंत त्यांच्याशी बोलला नाहीत. मी खरं सांगायला निघाले की हे म्हणायचे, "राहू दे गं. मला सवय आहे तिच्या बोलण्याची."

तडा ह्यांनीच एम-सीलने बुजवला होता. काल बरणी घासताना बघितलं, ओलं असताना दाबलेला त्यांचा अंगठा अजून तसाच उमटलेला आहे, रेषांसकट.

बरणी तुमच्या आईची, अंगठा तुमच्या भावाचा. हे वाचून तुम्ही ती मागितलीत, तर मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून पत्र पोस्टात टाकवत नाही.

तुमची अपराधी,
सुलभा