अनोळखी लेन्स

मुक्काम आवडी

प्रिय विद्याधर,

अप्पांचे फोटो पाठव म्हणून तुझे निरोपावर निरोप येताहेत आणि मी गप्प आहे. तू चिडला असशील, खुशाल चीड. विमान मिळेपर्यंत इथलं सगळं उरकलं, वडिलांचं तोंडही तुला बघता आलं नाही. पण हे फोनवर सांगायला गेले तर मी ओरडेन, म्हणून लिहिते आहे.

उन्हाळ्यात तू फोन केला होतास. इथल्या सिरुसेरीच्या ऑफिसातून थेट कंपनीच्या परदेशातल्या मुख्यालयात गेलास म्हणून खुशीत होतास. तुझ्या गटाने कॅमेऱ्याचं नवं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. लेन्स लावली की कॅमेरा तिची ओळख विचारणार आणि ती परक्या कंपनीची निघाली तर तिला दाद देणार नाही. मी म्हटलं, तुमची लेन्स घ्यायला मला स्कूटर विकावी लागेल. तू म्हणालास, दुसऱ्यांच्या लेन्सनी फोटो बिघडतो आणि शिव्या आम्ही खातो, शिवाय कॅमेऱ्यात उरतं काय, कमाई लेन्सचीच. ते खोटं नसेलही. पण शेजारच्या अंबत्तूरची निम्मी लग्नं मी परक्या लेन्सवरच काढली आणि एकाही नवरीने तक्रार केली नाही.

नवमीच्या आयुधपूजेची शिस्त मला अप्पांनीच लावली. कारखान्यातली सवय त्यांची. हत्यार पूजेला बसवण्याआधी त्याची राहिलेली सगळी कामं उरकायची आणि एकदा गंध-कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत हात लावायचा नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नवं सॉफ्टवेअर घ्या अशी सूचना कधीची येत होती. डोळे अधिक अचूक टिपले जातील, एवढंच तिथे लिहिलं होतं. अर्धवट काम ठेवून पूजेला कशाला बसवायचं, म्हणून मी ते घेतलं. तुझ्या गटाचं तेच हे, असं डोक्यातही आलं नाही. दसऱ्याला सकाळी पूजा झाल्यावर कॅमेरा उचलला आणि थेट समारंभाच्या हॉलवर गेले.

अप्पांनी ऐंशी ओलांडली म्हणून केलेला अप्पा-अम्मांचा शताभिषेक, त्याचा थाट तुला काय सांगू. अप्पांनी दारातच टोपली ठेवली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाचा फोन तीत टाकून घेत होते, माझासुद्धा. माझी सून यामिनी आहे ना, मग बाकीच्यांनी कशाला हात वर करायचे, असं अभिमानाने सांगत होते. मी पहिला फोटो घ्यायला गेले आणि पडद्यावर आलं, ही लेन्स ओळखता येत नाही. फोकस हलेना. हाताने कडं फिरवलं तर तेही मेलेलं, कारण या लेन्सचं कडंही कॅमेऱ्याच्याच हुकमावर चालतं. पिशवीतली दुसरी लेन्स तिचीच बहीण, त्याच कंपनीची. होमाच्या धुरात फोकस जुळावा म्हणून मी स्वतःच मागेपुढे सरकत राहिले, डोळ्यांतून पाणी गळत होतं. दोघांच्या डोक्यावर कलशांचं पाणी पडलं तेव्हा अप्पा माझ्याकडे बघून हसले. छोट्या पडद्यावर मला वाटलं, जमलं. घरी येऊन मोठं करून पाहिलं, तर मागचे कलश लख्ख आणि पुढे अप्पांचा चेहरा ओल्या काचेपलीकडचा. सगळे फोटो तसेच. दोघांना पुन्हा बसवून काढू असं मी म्हणत होते, तेवढ्यात दिवाळी आली आणि अप्पा गेले.

शनिवारी तू तेराव्याला येतोयस, म्हणून ही घाई. अम्मांनी तोच फोटो मोठा करून मागितला. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसतं ते एवढंच की दोघं शेजारी बसलेत आणि पाणी पडतंय. मी नाही म्हणू शकले नाही. आता तो घरात, बाहेरच्या खोलीत लावलाय. त्या रोज हार घालतात, काचेवरून हात फिरवतात आणि आल्यागेल्याला सांगतात, बघा, किती छान हसलेत. येणारेही हो म्हणतात. तूही हो म्हण. तिथे उभं राहून लेन्सचं काही बोलू नकोस, माझी माफीही मागू नकोस, त्यांना ऐकू नीट येतं. जानेवारीत, पोंगलनंतर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. पट्टी सुटून घरी आल्या की अम्मा सगळ्यात आधी फोटोच्या भिंतीकडेच बघतील. त्या वेळी त्यांच्याजवळ तू हवास, मी नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
यामिनी