टॉकीजच्या बाया अन् मंडळाची बाई

१२ डिसेंबर १९५७

तो वाघ होता म्हणे! पोट लोंबते, डोळे मिटमिट करते — त्याले वाघ म्हणाचं तर शेजारच्या सुगंधाबाईचा कुत्रा ढाण्या वाघ झाला. आमच्या सावली गावात टॉकीजचा तंबू लागल्यापासून हे तिसरं चित्र. बाई जंगलात पळते. केस मोकळे, पांढरं पातळ, अन् बोराटीचा एक काटा पदराले लागत नाई. कोणतं जंगल आहे हे? आमच्या इथी येऊन पळ म्हणा! मधातच रीळ तुटलं. सुगंधाबाई म्हणे, "वाघ पाणी प्याले गेला असन बाई." मी हसली. हसण्यासारखं तेवढंच होतं.

१५ डिसेंबर

आमचे हे तेच चित्र पाहाले पुन्हा गेले. इथी कोणी ऐकत नाई, नावच लिहिते — दादाजी. सावलीच्या नाटक मंडळात दादाजी बाईचं काम करतात. मिसरूड फुटलं तवापासून. लुगडं माझंच नेसतात. टॉकीजची बाई मान कशी वळवते ते पाहाले जातात. मी विचारलं, काय सापडलं? तर म्हणे, "काई नाई. तिले कोणी मान वळव म्हटलं, म्हणून तिनं वळवली." बरोबर बोलले. पण मी तसं म्हटलं नाई.

मी त्यायचं काम कधी पाह्यलं नाई. स्त्रीपार्ट करणाऱ्याच्या बायकोनं खेळाले बसू नये, अशी आमच्या मंडळाची रीत. नवऱ्याले लुगड्यात पाह्यलं तर संसारातून मन उडते म्हणे! मले त्याचं काई वाटत नाई. बाया सांगतात, अख्खं गाव रडते. रडो बापा.

१९ डिसेंबर

टॉकीजचा हिरो कामाले कवा जाते?

२८ डिसेंबर

आजच्या चित्रात पोर मरते. मग मायनं गाणं म्हटलं — पुरं गाणं, वरून सारंगी! काजळसुद्धा फिस्कटलं नाई. सुगंधाबाई हुंदके देऊन राह्यली होती. मी कोरडी. पोर गेल्यावर कोणी गात नाई.

आमची सुमन गेली तवा नुकतीच चालाले लागली होती. तापानं गेली. माणसं तिले घेऊन नदीवर गेली अन् परत आली. दादाजी घरात आलेच नाई. परस्पर तालमीले गेले! त्या दिवशी! बरीच वर्षं झाली. मी कधी बोलली नाई, पण विसरली बी नाई. राग आहे मले. लिहूनच टाकते — आहे!

४ जानेवारी १९५८

मंडळाचे मॅनेजर गुणवंतराव आले. अख्खा चहा पिऊन झाला, तवा तोंड उघडलं. "दादाजीभाऊ, वाईट मानू नका. लोकं आता टॉकीज पाहून राह्यले. त्यायले खरी बाई पायजे." नागपूरची कोणी शेवंताबाई ठरवली आहे. दादाजी "बरं" म्हणाले. तेवढंच. जेवले नाई.

मले बरं वाटलं. खोटं काऊन लिहू?

११ जानेवारी

टॉकीजवालीचं पाहून गावातल्या पोरी कपाळावर एक बट सोडून राह्यल्या. धानाच्या रोवण्यात चिखलानं चिकटन, तवा समजन! दादाजीच्या मिशा उगवल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच पाह्यल्या. बऱ्या दिसतात. पण माणूस दिवसभर भिंतीकडं पाहत बसते. बोलत नाई, भांडत नाई. भांडले असते तर बरं झालं असतं.

२३ जानेवारी

मजाच झाली! मागच्या हप्त्यात व्याहाड गावाले शंकरपटात बैल पळाले अन् रात्री मंडळाचा खेळ झाला. लोकायनं शेवंताबाईले शिट्ट्या मारल्या. "बाई अशी चालते का? दादाजीले आणा!" खऱ्या बाईले बाई होता आलं नाई!

गुणवंतराव पुन्हा दारात. "तिले शिकवा भाऊ, नाईतर मंडळ बुडते." मी आतून खुणावलं — जाऊ नका, चांगलं सुनवा! पण हे गेले. आता रोज जातात. येताना गुणगुणतात बी. काडीची लाज नाई या माणसाले.

६ फेब्रुवारी

काल सावलीत खेळ झाला. आता नवरा लुगड्यात नाई, मग रीत कसली? गेली मी.

नाटक रद्दड. राजा पडद्यात अडकून पडला, प्रधान हसला. मग एका गरीब बाईचं लेकरू जाते तो प्रवेश आला. म्हटलं, आता गाते! गायली नाई. शेवंताबाई अंगणात आली. दोरीवर लेकराचं झबलं वाळत होतं. ते काढलं, हातानं चाचपलं. ओलं होतं. पुन्हा दोरीवर टाकलं, कड ओढून सरळ केली, लवकर वाळावं म्हणून. पडदा पडला. बायायचा एकच आकांत. सुगंधाबाई नाक पुसत म्हणे, "दादाजीभाऊ हेच करत दर साली."

ते मी केलं होतं. सुमनले नेल्यावर, आमच्या अंगणात. एकटीच होती मी. कोणाले सांगितलं नाई — कोणालेच नाई!

म्हणजे दादाजी नदीवरून घरी आले होते. अंगणाच्या कुडापर्यंत आले होते.

७ फेब्रुवारी

शेवंताबाई घरी आली. साधी आहे, थकलेली. म्हणे, "वहिनी, एक विचारू? झबलं टाकल्यावर ती बाई पुढे काय करते? तिथंच पडदा पाडतात, मला ते अर्धवट वाटते. भाऊंना विचारलं, तर म्हणतात, पुढचं मले ठाऊक नाई, मी तिथून निघून गेलो."

काय बोलून गेली, तिले समजलं नाई. उद्या ये म्हटलं. दादाजी घरात होते, सगळं ऐकलं. मी त्यायच्याकडं पाह्यलं नाई.

८ फेब्रुवारी

शेवंताबाईले दाखवलं. झबलं वाळतपर्यंत मी दोरीखाली मातीत बसून होती — तशीच बसली. दादाजी कुडापाशी उभे होते. या खेपेस गेले नाई. आत आले अन् बाजूले बसले.